पाणी कुठे मुरतंय?

तळ्याचा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला होता आणि दुर्बीण कोणाच्या गळ्यात असावी यावरून तिघांची जुंपली होती.

"मी सगळ्यात मोठा आहे," वकील म्हणाला.

"मोठं असण्याचा आणि दूरचं दिसण्याचा काय संबंध?" खारूने विचारलं.

"मी सगळ्यात लहान आहे, म्हणजे माझे डोळे सगळ्यात नवे आहेत," भिंगरी म्हणाली.

वकील तेरा वर्षांचा. शब्दाला शब्द लावण्याच्या सवयीमुळे हे नाव त्याला घरातूनच मिळालं होतं. भिंगरी त्याची धाकटी बहीण, वय आठ, एका जागी बसणं ठाऊक नसलेली. खारू त्यांची मावसबहीण. ती बारा वर्षांची होती आणि सुट्टीसाठी मावशीकडे आली होती. दिसेल ती वस्तू उचलून खिशात साठवायची, म्हणून खारू.

मावशी, म्हणजे वकील आणि भिंगरीची आई, पक्ष्यांचे फोटो काढायची. त्यावरच तिचं घर चालायचं. या वर्षी एका संशोधन संस्थेने तिला तळ्यातल्या राखी बगळ्यांचं काम दिलं होतं. पाण्यात उभ्या असलेल्या एकाच वाळक्या झाडाचे फोटो तिने बगळ्यांनी घरटं बांधल्यापासून दर आठवड्याला काढले होते. आता फक्त शेवट राहिला होता, पिल्लांची पहिली भरारी. आठ-दहा दिवसांत ती उडणार होती आणि एकदा उडाली की सगळं काम पुढच्या वर्षावर जाणार होतं. या शेवटच्या फेऱ्यांना मुलांनाही न्यायचं तिने कबूल केलं होतं. कॅमेऱ्याची एक चकती सैल झाली होती, म्हणून सोमवारी तो सर्व्हिस सेंटरला दिला होता. आज गुरुवार. आज तो मिळायचा होता.

फोन वाजला. "हो", "बरं" आणि "काय?" एवढे तीनच शब्द बोलून मावशीने तो ठेवला.

"कॅमेऱ्यात पाणी गेलंय म्हणतात," ती म्हणाली. "आता तो सुरूच होत नाही. आणि पाण्यामुळे वॉरंटीही लागू होणार नाही."

"पण तो तर पावसातही चालतो. तूच सांगतेस," भिंगरी म्हणाली.

मावशी चपला पायात सरकवू लागली. खारूने मान खाली घातली. सोमवारी सकाळी कॅमेरा घराबाहेर पडण्यापूर्वी तिने काय केलं होतं, ते तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

सर्व्हिस सेंटरमध्ये काचेचं काउंटर, चार खुर्च्या आणि अंगावर काटा येईल इतका गारवा होता. काउंटरवरच्या ताईने व्यवस्थापकांना बोलावलं. त्यांचा शर्ट कडक इस्त्रीचा होता आणि त्यांची वाक्यं हजारदा वापरून गुळगुळीत झालेली होती. त्यांनी कॅमेऱ्याचं बॅटरीचं दार उघडलं आणि आत टॉर्च मारला.

"हा ठिपका बघा. कोरडा असताना पांढरा असतो, पाणी लागलं की लाल होतो. एकदा लाल झाला की झाला. माणूस खोटं बोलेल मॅडम, ठिपका नाही."

ठिपका लाल होता. कुंकवासारखा लाल.

वकिलाने तोवर वॉरंटीची पुस्तिका उघडली होती. "मुखपृष्ठावर कॅमेऱ्यावर धो धो पाऊस पडतोय," तो म्हणाला. "आणि आत सातव्या कलमात बारीक अक्षरात लिहिलंय, पाण्याने झालेलं नुकसान वगळून. मग बाहेर काय त्याची अंघोळ चाललीय?"

"बाळ, हवामानापासून संरक्षण आहे म्हणजे तो मासा नव्हे," व्यवस्थापक म्हणाले. "सांध्यांना रबरी पट्ट्या असतात. त्या शिंतोडे अडवतात. बुडवला तर पाणी शिरणारच."

"आम्ही बुडवला नाही," मावशी म्हणाली.

"सगळे असंच म्हणतात."

"मीही अर्ध्या तासापासून तेच म्हणतोय," मागच्या खुर्चीतून आवाज आला. तिथे एक सडपातळ आजोबा मांडीवर कॅमेरा घेऊन बसले होते. ते घड्याळजी होते. जुनं घड्याळ उघडताना प्रत्येक पायरीचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे जोडताना चूक होत नाही, अशी त्यांची पद्धत होती. त्यांचा कॅमेरा टेबलावरच्या स्टँडवरून कधी हलतच नव्हता. बटण अडकायला लागलं म्हणून पहिल्यांदाच बाहेर काढून इथे दिला, तर त्यातलाही ठिपका लाल निघाला.

"माझ्या टेबलावर पाऊस पडत नाही," घड्याळजी म्हणाले.

"चहा सांडला असेल."

"मी घड्याळं उघडतो, साहेब. माझ्या टेबलाच्या चार हात अंतरात चहाला प्रवेश नाही."

व्यवस्थापकांनी खांदे उडवले आणि ते आत गेले. घड्याळजी उठले आणि मावशीकडे बघून म्हणाले, "कुठंतरी पाणी मुरतंय."

"कुठे?" भिंगरीने लगेच भिंतीकडे पाहिलं, मग खुर्चीखाली वाकून पाहिलं.

"वेडे, तसं म्हणतात," वकील म्हणाला. "म्हणजे काहीतरी गडबड आहे."

मावशीने बंद कॅमेरा परत घेतला. घड्याळजींनी जाताना आपल्या दुकानाचा पत्ता लिहून दिला. भिंगरी मात्र दुसऱ्या खुर्चीखाली पाहायचं राहिलं म्हणून कुरकुरत बाहेर पडली.

शनिवारी संध्याकाळी शेजारचे विमावाले काका अर्ज घेऊन आले. कॅमेऱ्याचा विमा त्यांनीच उतरवला होता. अर्जात एक रकाना होता : नुकसान कधी व कसे झाले?

"लिहा, तळ्यात पडला," काका म्हणाले. "अचानक झालेला अपघात विम्यात बसतो. कसं शिरलं ठाऊक नाही, असं पाणी बसत नाही."

"पण तो पडला नाही."

"कोण बघायला गेलंय?"

"मी होते ना तिथे," मावशी म्हणाली.

काका हसले. पेन मात्र मावशीच्या हातात तसंच राहिलं. दोन दिवसांत तिने तीन ठिकाणी उसना कॅमेरा मागून पाहिला होता. तिची लांबलचक लेन्स कुठल्याच कॅमेऱ्याला बसत नव्हती. रोज सकाळी ती नुसती दुर्बीण घेऊन तळ्यावर जायची आणि परत येऊन सांगायची, "आहेत अजून. एक पिल्लू तर फांदीच्या टोकापर्यंत जाऊन येतंय."

खारूला पुढे ऐकवेना.

"मावशी, मी पुसला होता," ती म्हणाली. "सोमवारी. त्याच्या तळाला चिखल लागला होता. मी ओल्या फडक्याने पुसला. तुला मदत म्हणून. माझ्यामुळेच झालंय."

मावशी खारूकडे वळली.

"फडकं पिळलं होतंस?"

"हो. पण ओलं होतं."

"मीही ओल्या फडक्यानेच पुसते," मावशी म्हणाली. "त्याने पाणी आत जायला नको. पण गेलंच नसेल, असं छातीठोकपणे मी सांगू शकत नाही." मग तिने रकान्यात लिहिलं, 'घरी ओल्या फडक्याने पुसला. याशिवाय पाण्याशी संबंध आला नाही.'

"झालं कल्याण," काका म्हणाले. "आता कंपनी कशाला काही देतेय?"

"नाही दिलं तर नाही," मावशी म्हणाली आणि अर्ज त्यांच्या हाती दिला. खारूला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

रविवारी सकाळी मावशी तळ्यावर गेली असताना खारू खिडकीत बसून कॅमेरा न्याहाळत होती. आपण नेमकं कुठे पुसलं, किती पुसलं, ते ती आठवत होती. तळाशी तिला एक रेघ दिसली. अगदी बारीक, पांढरट. कॅमेऱ्याच्या चारही बाजूंनी, तळापासून गव्हाच्या दाण्याएवढ्या उंचीवर, एकसारखी फिरलेली.

"वकील, इकडे ये," तिने हाक मारली. "पुसल्यावर अशी रेघ येते?"

"पुसल्यावर डाग पडतात. आडवेतिडवे."

"आणि वरून पाणी पडलं तर?"

"ओघळ येतात. वरून खाली."

"बादलीत पाणी तसंच राहिलं की कडेने येते ना, तशी आहे ही," खारू म्हणाली. "कॅमेरा पाण्यात उभा होता. थोड्याशाच पाण्यात, पण बराच वेळ."

"आपल्या घरात तो कपाटात असतो," वकील सावकाश म्हणाला. "लाकडी कपाटात."

भिंगरीने तोवर चपला घातल्याही होत्या. "घड्याळवाल्या आजोबांच्या कॅमेऱ्याला पण रेघ आहे का बघू या," ती म्हणाली.

घड्याळजींचं दुकान जेमतेम दोन माणसं मावतील एवढं होतं. भिंतीवर तीसेक घड्याळं होती आणि सगळ्यांत एकच वेळ होती. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मावशीचा कॅमेरा दिव्याखाली धरला, मग आपला धरला. दोन्हींना रेघ होती. त्यांनी सुईच्या टोकाने त्यातला कण खरवडून काळ्या कागदावर घेतला.

"चुना," ते म्हणाले. "भिंतीतून झिरपलेल्या पाण्यात असतो. नळाच्या पाण्यातही असतो, पण दोन घरांच्या नळांनी एकाच उंचीची रेघ काढली, हे मला पटत नाही."

"तुमची पावती आहे का?" वकिलाने विचारलं. त्याने आईची पावती खिशातून काढून शेजारी ठेवली. दोन्हींवर कोपऱ्यात पेनाने काहीतरी लिहिलेलं होतं. एकीवर 'त-२', दुसरीवर 'त-४'.

"त म्हणजे तळं?" भिंगरी म्हणाली.

"आपण विचारू या," खारू म्हणाली. घड्याळजींनी फोन लावून दिला, पण उचलला कोणी नाही. रविवार होता.

सोमवारी सकाळी सर्व्हिस सेंटर उघडलं तेव्हा तिघंही घड्याळजींबरोबर दारात होती. घड्याळजींच्या हातात त्यांचा त्याहून जुना कॅमेरा होता. विटेसारखा जड, कधीचा बंद पडलेला. "याची मला आशा नाही," ते म्हणाले होते. "हा गेला तर मी रडणार नाही. मात्र याचा ठिपका पांढरा आहे. काल मी भिंगातून पाहिलाय." काय करायचं ते रविवारीच दुकानात ठरलं होतं. मावशीलाही सांगितलं होतं. "खोटं एक अक्षर बोलायचं नाही. एवढं पाळा आणि जा," ती म्हणाली होती.

"दुरुस्त होईल का ते बघायचंय," घड्याळजींनी ताईला सांगितलं. तेही खरंच होतं.

ताईने भराभर पावती भरली.

"एक रकाना राहिला," वकील म्हणाला.

"कुठला?"

"हा. 'ठिपका : पांढरा / लाल'."

"तो कोणी भरत नाही रे."

"छापलाय तर भरायला हवा. नाहीतर छापायचा कशाला? आमच्या परीक्षेत एक रकाना रिकामा राहिला तर बाई अख्खा पेपर परत देतात."

ताईला हसू आलं. तिने दार उघडून टॉर्चने आत पाहिलं, 'पांढरा' शब्दाभोवती गोल केला आणि खाली सही केली.

"ताई, आणि कोपऱ्यातला हा 'त' म्हणजे काय?" खारूने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं.

"तळकप्पा. आत मांडणी आहे ना, तिथला सगळ्यात खालचा कप्पा. जड कॅमेरे खाली, हलके वर." तिने लेन्स आणि बॅटरी काढून घड्याळजींना परत दिली. उघड्या दारासह कॅमेरा एका प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये उभा ठेवला आणि पावतीवर लिहिलं, 'त-३'.

"बॅटरीचं दार उघडंच ठेवता?" घड्याळजींनी विचारलं.

"हो, आतल्या माणसाला तपासायला सोपं जातं."

बाहेर आल्यावर घड्याळजी बराच वेळ स्वतःशीच मान हलवत होते. "दाराला कितीही भक्कम कुलूप बसवा," ते म्हणाले, "दारच सताड उघडं ठेवलं तर चोराने काय करावं?"

मंगळवार कसाबसा सरला. मावशी सकाळी तळ्यावरून परतली. "चार पिल्लांपैकी एक उडून गेलं," ती म्हणाली. "तीन राहिलीत."

खारूने त्या दिवशी जेवताना दोन घासही धड घेतले नाहीत. आपलं चुकलं असेल आणि जुन्या कॅमेऱ्याचा ठिपका पांढराच निघाला, तर दोष पुन्हा तिच्या फडक्यावर येणार होता. त्यापेक्षाही वाईट म्हणजे मग ती तिन्ही पिल्लंही बिनफोटोची उडून जाणार होती.

बुधवारी दुपारी निरोप आला. या वेळी मावशीही बरोबर आली. व्यवस्थापक एक कागद घेऊन बाहेर आले आणि त्यांनी तो नेहमीच्या सुरात वाचला. "पाण्याने नुकसान. ठिपका लाल. वॉरंटी असती तरीही लागू झाली नसती."

घड्याळजींनी कोटाच्या खिशातून पावती काढली, तिची घडी उलगडली आणि काउंटरवर ठेवली.

व्यवस्थापकांनी ती वाचली. पुन्हा वाचली. "पांढरा असं कोणी लिहिलं?"

"मी," ताई म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता, पण तिने नजर वळवली नाही. "मी स्वतः बघितला, सर. सोमवारी पांढराच होता."

"आणि सोमवारपासून तो इथेच आहे," वकील म्हणाला. "आजोबांनी पुसलेला नाही, आईने तळ्यावर नेलेला नाही, चहा कोणी सांडलेला नाही."

"आम्हाला फक्त तळकप्पा बघायचाय," खारू म्हणाली.

"ग्राहकांना आत सोडत नाहीत," व्यवस्थापक म्हणाले खरे, पण त्यांच्या वाक्यातली इस्त्री मोडली होती. त्यांनी एकदा मावशीकडे, एकदा कागदाकडे पाहिलं आणि आतलं दार उघडून धरलं.

आतली खोली अरुंद होती. भिंतीला लागून लोखंडी मांडणी होती आणि मांडणीच्या बरोबर वर, पलीकडच्या खोलीतल्या एसीचं पाणी वाहून नेणारी नळी भिंतीत शिरत होती. भिंगरी सरळ जमिनीवर पालथी पडली आणि तिने खालच्या कप्प्यात हात घातला.

"ओलं आहे," ती म्हणाली. "आजोबा, इथे मुरतंय."

सगळे वाकले. मांडणीमागच्या भिंतीचा रंग फुगून पापुद्रे सुटले होते. नळी भिंतीच्या आत कुठेतरी फुटली होती. दिवसभर थेंब थेंब पाणी खाली उतरत होतं आणि मागच्या कडेने ट्रेमध्ये जमत होतं. ट्रेमध्ये बोटाचं नख बुडेल एवढंच पाणी होतं. प्रत्येक ट्रेच्या आतल्या बाजूला तीच बारीक पांढरी रेघ होती. 'त-१' आणि 'त-५' मध्ये आणखी दोघांचे कॅमेरे उभे होते, दारं उघडी ठेवून.

व्यवस्थापक गुडघ्यावर बसले होते. त्यांच्या इस्त्रीच्या विजारीला ओला डाग पडला, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. सगळ्यात आधी त्यांनी ते दोन कॅमेरे उचलून वर ठेवले. मग ते ताईला म्हणाले, "या उन्हाळ्यात पाण्याचं कारण सांगून आपण किती जणांना परत पाठवलं?"

ताईने वही आणली आणि मोजलं. "अकरा. त्यातले नऊ तळकप्प्यातले."

"नऊ जणांना मी सांगितलं, तुम्ही खोटं बोलताय," ते म्हणाले. हे वाक्य त्यांनी आधी कधी वापरलेलं नसावं, कारण ते बोलायला त्यांना वेळ लागला. उठून ते मावशीसमोर उभे राहिले. "मॅडम, चूक आमची आहे. तुमचा कॅमेरा आम्ही आमच्या खर्चाने नवा करून देऊ. यांचाही. बाकीच्यांना आजच फोन करतो."

"नवा कधी मिळेल?" मावशीने विचारलं.

"तीन आठवडे लागतील."

"माझ्याकडे तीन दिवससुद्धा नाहीत."

व्यवस्थापक आत गेले आणि कपाटातून एक डबा घेऊन आले. प्रदर्शनात ठेवायचा कॅमेरा होता, त्याच कंपनीचा, त्याच बनावटीचा. "नवा येईपर्यंत हा वापरा," ते म्हणाले. मावशीने आपली लांब लेन्स त्याला लावली. खट्ट आवाज करून ती बसली.

बाहेर पडताना व्यवस्थापकांनी मुलांना थांबवलं. "तुमच्यापैकी हे पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं?"

"रेघ हिने पाहिली," वकील म्हणाला. "रकाना मी भरायला लावला. आणि पाणी मुरतंय हे पहिल्या दिवसापासून फक्त भिंगरीलाच खरं वाटत होतं."

"माझ्याकडे वीस वर्षं काम केलेली माणसं आहेत," व्यवस्थापक म्हणाले. "त्यातला एकही कधी खाली वाकला नाही. मीसुद्धा." त्यांनी तिघांशी हात मिळवला, मोठ्या माणसांशी मिळवतात तसा.

घड्याळजी फुटपाथवर थांबले होते. त्यांनी खारूच्या डोक्यावर हात ठेवला. "आपल्यावर दोष येईल हे ठाऊक असूनही तू मावशीला सांगितलंस, ते मला तिने सांगितलं," ते म्हणाले. "भिंग कोणीही डोळ्याला लावतो, पोरी. ते स्वतःकडे वळवायला हिंमत लागते."

मावशीने खारूचा हात धरला आणि चौकापर्यंत सोडला नाही.

गुरुवारी उजाडताना चौघं तळ्याकाठच्या झुडपामागे बसली होती. पाण्यावर धुकं होतं. वाळक्या झाडावर दोनच पिल्लं उरली होती. मावशीने लेन्स रोखली आणि मग तासभर काहीच घडलं नाही. वकिलाच्या पायाला मुंग्या आल्या. भिंगरी हलली नाही. तिच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी.

मग एक पिल्लू फांदीच्या टोकाशी गेलं. त्याने पंख उघडले, मिटले, पुन्हा उघडले. वारा आला आणि फांदी हलली. पिल्लाने पाय सोडले. क्षणभर ते दगडासारखं खाली आलं. पाण्याला पाय लागणार इतक्यात त्याच्या पंखांनी हवा धरली आणि ते लांब, वेडंवाकडं वळण घेत पलीकडच्या काठाकडे गेलं. कॅमेऱ्याचा खटखट आवाज तेवढा वेळ अखंड चालू होता.

मावशीने पडद्यावर फोटो मागे-पुढे करून पाहिले. एकात पिल्लाच्या पंजाखालचं पाणी नुकतंच थरथरत होतं.

"आला," ती हळूच म्हणाली. मग तिघांकडे वळली. "संस्थेच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर आभार असतात. तिथे तुमची नावं द्यायचीत. खरी देऊ की ही?"

"खरी," भिंगरी म्हणाली.

"आधी मजकूर वाचायला हवा," वकील म्हणाला.

खारूने उत्तर दिलं नाही. झाडावर उरलेलं शेवटचं पिल्लू फांदीच्या टोकाकडे सरकत होतं. तिने मावशीच्या बाहीला हलकेच हात लावला आणि बोट दाखवलं.